सुख : अर्थ आणि वाक्यात उपयोग



विहारात त्रिशरण-पंचशील झाले, परित्राणपाठ झाला, की सर्व प्राणिमात्रांनी सुखी व्हावे अशी कामना आपण एका सुरात करतो. पाली शब्द सर्वांना पाठ झालेले असतात. शिशुवर्गातली पोरेसुद्धा न अडखळता म्हणतात. परंतु नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्या बायांकडून, एक प्रश्न हमखास येतो. “गुरुजी, आधी आम्ही देवाजवळ सुख मागत होतो. देव तर सोडले. आता सुख मागायचं कोणाजवळ?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ज्या बाईने पन्नास वर्षे कोणा ना कोणापुढे पदर पसरला, तिचे हात एकाएकी रिकामे झालेले आहेत. तिला उत्तर मिळाले नाही तर एक दिवस पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळून ठेवलेले टाक ती पुन्हा बाहेर काढील, आणि मग आपण तिलाच दोष देऊ.

आम्ही शिक्षक मुलांना सांगतो, शब्दाचा अर्थ लिहा आणि वाक्यात उपयोग करा. तेच आज ‘सुख’ या शब्दाचे करू. आधी उपयोग पाहू, कारण घोटाळा तेथेच आहे.

आपल्या जुन्या घरात सुख हा शब्द ‘दे’ आणि ‘ठेव’ या क्रियापदांबरोबर येत असे. देवा, सुख दे. आई, माझ्या लेकरांना सुखी ठेव. या वाक्यात देणारा एक असतो आणि घेणारा दुसरा. देणाऱ्याची मर्जी राखावी लागते, त्याला कोंबडे लागते, नवस लागतो, आणि त्याच्यापर्यंत पोचवणारा मधला माणूस लागतो. विहारातले आपले पाली वाक्य मात्र तपासून पाहा. त्यात ‘सुखी’ हा शब्द आहे, ‘होवोत’ अशा अर्थाचे क्रियापद आहे आणि सुखी व्हायचे ते सगळे जीव आहेत. देणारा कोठेही नाही. व्याकरण शिकवणारा माणूस म्हणून मला या वाक्याचे फार नवल वाटते. शिवाय त्यात ‘मला’ असेही नाही. जो हे वाक्य म्हणतो तो शेजाऱ्यासाठी म्हणतो, बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदासाठी म्हणतो, मुंगीसाठीही म्हणतो.

मग देणारा नसेल तर सुख येते कोठून? आता अर्थाकडे वळू.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष लंकेत अनुराधपूरच्या महाविहारात राहून ग्रंथरचना करीत होते. त्यांच्या विसुद्धिमग्गात सुख या शब्दाची फोड आहे. शरीराची आणि चित्ताची पीडा जे पूर्णपणे खाऊन टाकते, खणून काढते, ते सुख. पालीतील ‘खादति’ म्हणजे आपले खाणे आणि ‘खणति’ म्हणजे आपले खणणे. भाषाशास्त्राच्या कसोटीला ही व्युत्पत्ती उतरेल की नाही ही गोष्ट वेगळी. जुन्या आचार्यांना शब्दांच्या अशा फोडी करण्याची हौसच होती. पण शेतात राबलेल्या माणसाला यातला अर्थ चटकन कळतो. रानात हरळी माजली की विळ्याने वरवर कापून भागत नाही. पहिल्या पावसाला ती पुन्हा हिरवीगार. कुदळ घेऊन काशी मुळांसकट खणून काढाव्या लागतात, तेव्हा रान मोकळे होते. दारूच्या गुत्त्यावर जे मिळते ते हरळी वरून कापणे होय. दुसऱ्या दिवशी दुःख तेथेच असते, वर खिशातले पैसे गेलेले असतात. म्हणून त्याला मजा म्हणा, करमणूक म्हणा. धम्माच्या भाषेत ते सुख होत नाही.

बुद्धघोषांनी आणखी एक भेद सांगितला आहे आणि तो दीक्षा घेऊन थोडेच दिवस झालेल्या कुटुंबांनी नीट लक्षात ठेवावा असा आहे. पालीत ‘पीति’ हा निराळा शब्द आहे आणि ‘सुख’ हा निराळा. वाळवंटात तहानेने व्याकुळ झालेल्या वाटसरूला दूर वनाच्या कडेला पाणी दिसते किंवा पाण्याची वार्ता कळते, तेव्हा त्याच्या मनाला जो हर्ष होतो ती पीति. तो तेथे पोचतो, पाणी पितो, झाडाच्या सावलीत बसतो, तेव्हा जे लाभते ते सुख.

हा दृष्टांत वाचताना आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे महाडचे चवदार तळे उभे राहिल्यावाचून कसे राहील? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही पुढे तसा ठराव केला. पाण्याची वार्ता कळली. पाणी तर पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोरच होते. पण ओठाला पाणी लागले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी तळ्यात उतरून ओंजळ भरली आणि त्यांच्यामागून हजारो लोक पाणी प्याले तेव्हा. ठरावाचा कागद आणि पाण्याची ओंजळ यांत जे अंतर आहे, तेच पीति आणि सुख यांत आहे.

दीक्षा समारंभाचा दिवस आठवा. पांढरी शुभ्र वस्त्रे, बावीस प्रतिज्ञांचा एकमुखाने झालेला घोष, अंगावर उभे राहिलेले काटे. ती पीति होती आणि ती खरी होती. पण तिला ओसरण्याचा स्वभाव आहे. चार-सहा महिन्यांनी घरात पुन्हा तीच कुरबूर, तोच उधारीचा किराणा, मुलाला तोच ताप. मग कोणी म्हणतो, धर्म बदलून काय मिळाले? अशा माणसाला मी विचारतो, बाबा, पाणी दिसले खरे, पण तेथवर चालत गेलास का? पंचशील तोंडाने म्हणणे ही पाण्याची वार्ता आहे. घरातली बाटली बंद होणे, खोटी साक्ष न देणे, बायकोवर हात न उगारणे, हे पाण्यापर्यंतचे चालणे आहे.

आता कोणी म्हणेल की सुख हे जर मनाचे आणि आचरणाचे आहे, तर गरिबाने उपाशीपोटी सुख मानून घ्यावे काय? अशी शिकवण आपल्याला हजारो वर्षे मिळालीच आहे. ठेविले तसे राहा, मागच्या जन्मीचे भोग आहेत, पुढच्या जन्मी सुख मिळेल! तथागतांनी असे सांगितले का, हे पाहण्यासाठी आळवी या एकाच नगरातल्या दोन कथा शेजारी शेजारी ठेवाव्या लागतील.

पहिली हत्थक या राजपुत्राची. कडाक्याच्या थंडीचे दिवस. गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली वाट, त्यावर पानांचा पातळसा थर अंथरून भगवान सिंसपावनात बसलेले. हत्थक फिरत फिरत तेथे आला आणि त्याने विचारले की भगवंतांना सुखाने झोप लागली ना? आपणही पाहुण्याला सकाळी हेच विचारतो. भगवान म्हणाले, होय, जगात जे सुखाने झोपतात त्यांच्यापैकी मी एक आहे. हत्थकाला खरे वाटेना. तेव्हा त्यांनी उलट विचारले की समजा, एखाद्या गृहस्थाचे घर आतून-बाहेरून लिंपलेले आहे, वारा शिरत नाही, पलंगावर मऊ अंथरूण आहे, दिवा तेवतो आहे, सेवेला बायका आहेत. पण त्याच्या मनात लोभाने, द्वेषाने आणि मोहाने आग लावली आहे. त्याला झोप येईल का? हत्थक म्हणाला, नाही. ती आग माझ्यात मुळासकट विझली आहे, म्हणून मी सुखाने झोपलो, असे भगवंतांनी सांगितले.

ही कथा येथेच सोडली तर तिचा गैरवापर होईल. म्हणून त्याच आळवीची दुसरी कथा. ती धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. तेथील एक गरीब शेतकरी. भगवान नगरात आलेले ऐकून त्याला प्रवचनाला जायचे होते, पण त्याच सकाळी त्याचा बैल हरवला. बैल शोधता शोधता दिवस वर आला. बैल सापडल्यावर घरी जाऊन जेवण्याऐवजी तो तसाच उपाशी धावत सभेत आला आणि वंदन करून बाजूला उभा राहिला. भगवंत त्याच्यासाठी थांबलेले होते. त्यांनी आधी व्यवस्था पाहणाऱ्याला विचारले की अन्न शिल्लक आहे काय. त्या माणसाला तेथेच बसवून पोटभर जेवू घातले आणि मग धम्म सांगितला. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली की असे पूर्वी कधी घडले नव्हते. भगवान म्हणाले, भुकेसारखा दुसरा रोग नाही. भुकेची वेदना असताना याला धम्म कळला नसता.

राजपुत्राला सांगितले की सुख लिंपलेल्या घरात नाही. उपाशी शेतकऱ्याला ते सांगितले नाही, त्याला भाकर दिली. कोणाला काय सांगायचे याचे हे तारतम्य आहे. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने हत्थकाची कथा दुसऱ्या उपाशी माणसाला सांगू नये, एवढे तरी आपण पाळावे.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात निर्वाणाचा जो अर्थ लावला आहे तो याच दिशेचा आहे. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात ते सांगतात की बुद्धाच्या निर्वाणाचा संबंध आत्म्याच्या मोक्षाशी नाही, प्राणिमात्राच्या सुखाशी आहे. आणि हे सुख मेल्यानंतरचे नव्हे, जिवंतपणी याच संसारातले. विकारांच्या ज्वाळांवर ताबा ठेवणे हा त्याचा मार्ग. दारिद्र्याने दुःख येते हे त्यांनी मान्य केले आहे, पण दारिद्र्य गेले म्हणजे सुख आलेच असेही ते म्हणत नाहीत. संसारी माणसांसाठी असलेली प्रवचने त्यांनी वेगळी काढून दिली आणि त्यांची सुरुवात सुखी गृहस्थापासून केली. मला ही निवड मोलाची वाटते. ज्या समाजाला सुख हा शब्द दुसऱ्याच्या माडीकडे पाहूनच माहीत होता, त्याला त्यांनी आधी स्वतःच्या उंबऱ्याच्या आतले सुख दाखवले.

हे उंबऱ्याच्या आतले सुख म्हणजे काय, ते अनाथपिंडिकाला केलेल्या उपदेशात स्पष्ट आहे. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा व्यापारी, जेतवन विहाराचा दाता. संसार करणाऱ्या माणसाला चार सुखे मिळू शकतात, असे भगवंतांनी त्याला सांगितले.

पहिले अत्थिसुख. स्वतःच्या बाहुबळाने, घाम गाळून, न्यायाने मिळवलेले काही आपल्याजवळ आहे याचे सुख. आपल्या वाडवडिलांना हे का मिळाले नाही? ते राबत नव्हते म्हणून नव्हे. महारकीच्या वतनात दिवसरात्र राबणूक होती, पण हाती येणारे बलुते आणि दारोदारची भाकर हे मजुरी म्हणून मिळत नसे, उपकार म्हणून मिळे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले ते याचसाठी. अशी वतने कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडले. मागून आणलेल्या भाकरीने पोट भरते, पण अत्थिसुख मिळत नाही. म्हणून ज्या घरात पहिला पगार येतो, मग तो सफाईचा असो की कचेरीतला, तेथे आई तो हातात घेऊन दोनदा मोजते. ती पैसे मोजत नसते.

दुसरे भोगसुख. मिळवलेले खाणे, कुटुंबाला घालणे आणि त्यातून दान व सत्कर्म करणे. चांगले कपडे, चांगले जेवण, मुलांची सहल यांत पाप नाही. धम्म कंजूषपणा शिकवत नाही.

तिसरे अनणसुख, म्हणजे ऋण नसल्याचे सुख. कोणाचेही थोडे किंवा फार देणे नाही, हे जाणण्याचे सुख. येथे मला थोडे थांबून बोलायचे आहे.

आपल्या वस्त्यांत कर्ज सर्वांत जास्त कशासाठी होते? आजारपणासाठी होते, शिक्षणासाठी होते, ते टळत नाही. पण लग्नासाठीही होते. बौद्ध पद्धतीने लग्न लावायला काय लागते? भगवंतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्ती, फुले, दोन पांढरी वस्त्रे आणि चार माणसांसमोर घेतलेल्या प्रतिज्ञा. तासाभराचे काम. परंतु अलीकडे या साध्या विधीभोवती मांडव, वाजंत्री, आहेर, पाचशे पानांचे जेवण आणि वर गाडी असे सगळे जमा होते. हे सगळे व्याजाच्या पैशाने होते. पत्रिकेवर वर बुद्धाचे चित्र आणि खाली ‘मंगल परिणय’. आणि आठ दिवसांनी वसुलीवाला दारात. नव्या सुनेने त्या घरात पहिला शब्द ऐकला तो ‘हप्ता’.

अंगुत्तर निकायातच भगवंतांनी कर्जाची साखळी सांगितली आहे. दारिद्र्य हे दुःख, मग कर्ज काढणे हे दुःख, मग व्याज कबूल करणे हे दुःख, मुदत चुकली की तगादा, तगाद्यानंतर पाठलाग, आणि शेवटी बंधन. अडीच हजार वर्षे झाली, पण एकही कडी बदललेली नाही. कोलिय कुळातल्या दीघजाणू नावाच्या उपासकाला त्यांनी सांगितले की तराजू धरणाऱ्याला जसे पारडे किती झुकले, किती वर गेले हे कळते, तसे गृहस्थाने आपली आवक आणि खर्च जाणावा. असे रोखठोक हिशेब सांगणारा धर्मसंस्थापक आपल्याला लाभला आहे आणि आपण त्याच्या प्रतिमेपुढे उसने घेऊन पंगती उठवतो, हे बरे नव्हे. लोक काय म्हणतील, असे वाटते खरे. लोक जेवून जातात आणि भाजीत मीठ कमी होते असे म्हणतात.

चौथे अनवज्जसुख. वज्ज म्हणजे दोष. काया, वाचा आणि मन यांनी आपण निर्दोष आहोत हे जाणण्याचे सुख. आणि येथे भगवंतांनी मोजमाप दिले आहे. पहिली तिन्ही सुखे मिळूनही या चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाची किंमत नाही. आपल्या जुन्या हिशेबात सांगायचे तर निर्दोष वागणे हा रुपया असेल, तर बाकीची तिन्ही मिळून आणाही भरत नाही. लाचेच्या पैशाने बांधलेल्या घराला ‘सुखनिवास’ असे नाव देता येते. पण रात्री दारावर थाप पडली की त्या घरातला माणूस दचकतो.

दचकण्यावरून शेवटची एक कथा सांगतो, कारण सुख हा शब्द कसा चुकीचा ऐकला जातो हे तीत दिसते. भद्दिय नावाचा शाक्यांचा एक अधिपती भिक्खू झाला. अनुपियाच्या आम्रवनात तो एकटा झाडाखाली बसे आणि ‘सुख, सुख’ असे उद्गार काढी. इतर भिक्खूंनी ते ऐकले आणि तर्क केला की याला पूर्वीचे राज्यवैभव आठवते आहे, याचे मन चीवरात लागत नाही. त्यांनी भगवंतांना जाऊन सांगितले. भगवंतांनी तर्कावर विश्वास न ठेवता भद्दियालाच बोलावून विचारले. तो म्हणाला, भन्ते, मी सत्तेवर होतो तेव्हा महालाच्या आत पहारा होता, बाहेर पहारा होता, नगरात आणि राज्यातही पहारा होता. तरी मी भीत होतो, संशयाने पछाडलेला होतो. आता मी रानात एकटा असतो आणि मला भीती वाटत नाही. हे पाहून तो शब्द तोंडून येतो.

पाहा, भद्दियाच्या तोंडी सुख या शब्दाचा अर्थ निर्भयता असा आहे. नव्या बौद्ध घरात जुने देव नसतील, पण त्यांचे भय उरलेले असू शकते. पोराला ताप आला की सासूबाई हळूच म्हणतात, सोडलेल्या देवाचा कोप तर नसेल? म्हाताऱ्या माणसाला यावरून फटकारू नये. ताप आलेल्या पोराला दवाखान्यात न्यावे, आणि सासूबाईंनाही बरोबर न्यावे. डॉक्टर तापाचे कारण सांगतील ते त्यांनी आपल्या कानांनी ऐकावे. औषधाने ताप उतरला की त्यांच्या मनातली हरळीची एक काशी निघते. दुसऱ्या आजारपणात दुसरी. सुख कोणाजवळ मागायचे, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा असे दिलेले बरे.

वर्षावासात विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्या तीन महिन्यांत प्रत्येक कुटुंबाने एक साधी वही करावी अशी माझी सूचना आहे. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती ती द्यावी. तिचे अक्षर चांगले असते आणि ती आकडे लपवत नाही. पहिल्या पानावर घरावरचे एकूण देणे लिहावे : कोणाचे, किती, व्याज काय. त्याखाली महिन्याची आवक आणि खर्च. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल तेव्हा वडिलांनी ती वही घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचावी, आणि ज्या देण्यावर तोपर्यंत रेघ मारता आली असेल त्याच्यापुढे मुलीकडून ‘अनण’ हा पाली शब्द लिहून घ्यावा.